फ्लॉवरची मूद

आमच्या घरात आजारी माणसाला भात देतात. ताप आला की मऊ भात, पोट बिघडलं की दहीभात, दाढ काढून आलं की गुरगुट्या भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. माझ्या आईचं सगळं वैद्यक भातापासून सुरू होतं आणि पेजेपाशी संपतं. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘रात्री भाताऐवजी काहीतरी हलकं’ हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती खरोखरच गोंधळली.

“भातापेक्षा हलकं म्हणजे काय रे? पाणी?”

तिचं माहेर राजापूरकडचं. तिकडे ‘जेवलास का’ म्हणजे ‘भात खाल्लास का’. चार पोळ्या खाल्ल्या असतील तर त्याला ‘काहीतरी पोटात ढकललं’ म्हणतात. उलट माझी बायको बार्शीची. तिच्या लहानपणी रोज ज्वारीची भाकरी आणि भात सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. तिच्या लेखी भात हा जेवणाचा शेवट, आईच्या लेखी सुरुवात, मध्य आणि शेवट. गेली सव्वीस वर्षं मी या दोन राज्यांच्या सीमेवर शांतता राखून आहे. म्हणजे आधी दोन भाकऱ्या खातो, मग पोटभर भात. या तहाची कलमं शेवटी रक्तात उतरली. रक्तातल्या साखरेची चाचणी, एचबीएवनसी, 6.1. हा आकडा 5.7 ते 6.4 या पट्ट्यात असला की माणूस मधुमेहाच्या ओसरीवर येऊन बसलेला असतो, फक्त दार वाजवायचं बाकी.

मुलगी बंगळूरला असते. तिला अहवाल पाठवला. तिने उलट टपाली एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाबा, कॉलिफ्लॉवर राइस कर. तुला कळणारसुद्धा नाही की भात नाहीये.’ व्हिडिओतली बाई हसत हसत फ्लॉवर किसते, परतते, वाडग्यात भरते. एकूण वेळ चाळीस सेकंद. मला लागले अडीच तास, आणि भात नाही हे पहिल्याच घासाला कळलं.

सुरुवात मंडईत झाली.

“फ्लॉवर कसा दिला?”

“चाळीसला गड्डा. भाजीला पाहिजे का मंच्युरियनला, काका?”

“भाताला.”

“पुलावात घालायला होय?”

“नाही, भाताच्या जागी.”

तिने माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. मग काही न बोलता पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकली. महागाईच्या दिवसांत भाजीवाली न मागता कोथिंबीर देते तेव्हा आपल्याला घरी काहीतरी अडचण आहे अशी तिची खात्री झालेली असते.

फ्लॉवर ही तशी आपली भाजीच नव्हे. 1822 साली इंग्लंडहून त्याचं बी आलं आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत पेरलं गेलं. कोबी, नवलकोल आणि फ्लॉवर ही वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात एकाच जातीची, ब्रासिका ओलेरॅसियाची, लेकरं. एकाने पानं वाढवली, दुसऱ्याने खोड फुगवलं, तिसरा न उमललेला फुलोराच घेऊन बसला. म्हणजे मी भाताऐवजी कळ्यांचा गुच्छ खाणार होतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “देवाला वाहायचं ते पोटात घालतोस.”

पहिली पायरी स्वच्छतेची. कोमट पाण्यात मीठ-हळद घालून तुरे बुडवून ठेवायचे. दहा मिनिटांनी एक हिरवी अळी वर आली आणि कडेला हात टेकून बसावं तशी पातेल्याच्या काठाशी विसावली. तांदळात फार तर खडा निघतो, आणि तो निदान स्वतःहून हलत नाही.

दुसरी पायरी बारीक करायची. इथे दोन पंथ आहेत, किसणीवाले आणि मिक्सरवाले. मी आधी मिक्सर घेतला. कृतीत लिहिलं होतं, बटण उलटं फिरवून क्षणभर चालवा, थांबा, हलवा, पुन्हा क्षणभर. मी ‘क्षणभर’चा अर्थ मराठी घेतला. झाकण उघडलं तर आत इडलीचं पीठ. ते बाजूला ठेवून किसणी काढली. मोठ्या भोकांच्या बाजूने तुरा घासला की खरोखर तांदळाच्या कणीएवढे दाणे पडतात, हे खरं. पण सगळे ताटातच पडतात असं नाही. काही ओट्यावर, काही गॅसच्या बर्नरमध्ये, काही माझ्या चष्म्यावर. तीन दिवसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख बघताना चतुर्थीच्या चौकोनावर एक दाणा वाळलेला सापडला.

तिसरी पायरी पिळायची. फ्लॉवरमध्ये शंभरातले सुमारे 92 भाग पाणी असतं. त्यातलं थोडं तरी आधी काढलं नाही तर कढईत भाताऐवजी कालवण होतं. मी कपाटातून वडिलांचा जुना पंचा काढला, कीस त्यात बांधला आणि पुरचुंडी पिळली. आई दारात उभी राहून बघत होती.

“तुझे बाबा तो पंचा नेसून संध्या करायचे.”

“धुऊन ठेवतो गं.”

“ठेव. आणि त्यांना सांग तूच, काय केलंस ते.” भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून ती आत गेली.

पिळलेलं पाणी वाटीभर निघालं. टाकवेना. त्यात जीवनसत्त्वं असणार, असं मनात आलं. त्या पाण्याचं काय झालं ते शेवटी सांगतो.

खरी पंचाईत परतताना झाली. भात करणाऱ्या हाताच्या सगळ्या सवयी इथे उलट्या पडतात. भाताला पाणी मोजून घालायचं, याचं पाणी घालवायचं. भात मंद आचेवर, हा मोठ्या आचेवर. भाताला मीठ आधी घातलं तरी चालतं. याला शेवटी घालायचं, कारण मीठ लागलं की उरलेलं पाणीही बाहेर येतं. भाताला एकदा झाकण घातलं की त्याच्या वाटेला जायचं नाही. याला झाकण घालायचंच नाही, पसरट कढईत सहासात मिनिटं सारखं हलवत राहायचं. मी हे सगळं पाठ करून उभा होतो. फोडणीत मोहरी तडतडली, हिंग, कढीपत्ता, मग कीस. पाच मिनिटांत दाणे सुटे सुटे झाले, कडेला किंचित तांबूस. छातीत अभिमान दाटून आला. तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी बाहेर गेलो.

परत आलो तर कढईवर झाकण. गॅस बारीक.

“उघडाच ठेवला होतास,” आई म्हणाली. “वाफ नको यायला?”

ऐंशी वर्षांच्या हाताला आठ मिनिटांत नवी सवय लावणं माझ्याच्याने झालं नाही. आत लहान बाळाचं खिमट तयार होतं. शिवाय वास. फ्लॉवर, कोबी या मंडळींत गंधकाची संयुगं असतात. जितकं जास्त शिजवावं तितकी ती मोकळी होतात, आणि झाकण घातलं की आतच कोंडतात. उघडल्यावर त्यांनी एकदम माझी भेट घेतली.

दुसऱ्या गड्ड्यावर पुन्हा प्रयोग. यावेळी आईला देवघरात पाठवून.

इथे हिशोबाची एक गोष्ट लक्षात आली, ती व्हिडिओत कुणी सांगत नाही. एक वाटी तांदूळ शिजवला की तीन वाट्या भात होतो. आपल्या सगळ्या पाहुणचाराचा पाया हा फुगण्याचा गुण आहे. ऐन जेवणाच्या वेळी कुणी आलं तर घरची बाई आधणात आणखी दोन मुठी वैरते आणि वरणात तांब्याभर पाणी, आणि पाहुण्याला कळतही नाही. फ्लॉवर मात्र आटतो. सातशे ग्रॅमचा गड्डा, पानं आणि दांडा काढून साडेचारशे, पिळून-परतून जेमतेम तीनशे. दोन माणसांचं. तिसरा आला तर त्याला दारातूनच तब्येतीची चौकशी करून परत पाठवावं लागेल. शितं तिथं भुतं म्हणतात, इथे शितंही नाहीत आणि भुतांची सोयही नाही.

तरी कागदावर हा पदार्थ बिनतोड आहे हे कबूल करायला हवं. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 130 कॅलरी आणि 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये कॅलरी 25 आणि कर्बोदकं 5 ग्रॅम. मी हे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. बायको शांतपणे म्हणाली, “आणि तू त्यावर घेतलेल्या दोन चमचे तुपात नव्वद. भांड्यापेक्षा झाकण जड.” बार्शीकडची माणसं मोजकं बोलतात, पण नेमकं.

मग पानं मांडली. आमच्याकडे भात चमच्याने ढकलून वाढत नाहीत. मूद पाडतात. वाटीत भात दाबून भरायचा, पानात उपडी करायची, बुडावर बोटाने टकटक करायचं आणि वाटी उचलायची. वर मध्यभागी खळगा, त्यात वरण, वरणावर तूप, कडेला लिंबाची फोड. मी वाटीला तुपाचं बोट लावलं, फ्लॉवर दाबून भरला, उपडी केली, टकटक केली. वाटी उचलली.

पाव सेकंद मूद उभी होती. मी शपथेवर सांगतो. मग एका बाजूने भेग गेली, आणि पावसाळ्यात घाटातली दरड यावी तशी ती लोणच्याच्या दिशेने आली. वरण वाढलं तर ते थांबलंच नाही. भातावर वरण पडलं की भात ते धरतो, पितो, जरा वेळाने आणखी मागतो. फ्लॉवरने वरणाला ओळखच दाखवली नाही. वरण खालून निघून चटणीत गेलं, तिथून कोशिंबिरीत.

आईने दोन बोटांत एक दाणा घेऊन दाबला. शितावरून भाताची परीक्षा ही तिची आयुष्यभराची पद्धत. बोटांत काहीच उरलं नाही, नुसता ओलावा.

“नापास,” ती म्हणाली.

बायकोने एक घास खाल्ला. “वाईट नाहीये. पचडी म्हणून चांगली आहे. भाकरी आणू का याच्याबरोबर?”

मला वाटतं गोची तिथे आहे, नावात. हाच पदार्थ मी ‘फ्लॉवरचा उपमा’ म्हणून आणला असता तर दोघींनी मागून घेतला असता. ‘भात’ म्हणून आणला म्हणून तो खोटी साक्ष देणाऱ्या साक्षीदारासारखा उलटतपासणीत सापडला. नाव ही बाब किती गंभीर आहे ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याला विचारावं. त्या देशातला जवळपास निम्मा तांदूळ तिथे पिकतो. किसलेल्या फ्लॉवरची पाकिटं दुकानात ‘राइस’ म्हणून खपायला लागल्यावर तिथल्या विधिमंडळाने 2019 मध्ये कायदाच केला, की जे तांदूळ नाही त्यावर ‘राइस’ छापायचं नाही. आईला ही बातमी सांगितली. अमेरिकेबद्दल तिचं मत पहिल्यांदा सुधारलं.

“पण मग वरीच्या तांदळाचं काय?” मी विचारलं. कारण आपण स्वतः दर एकादशीला एका बारीक तृणधान्याला बिनदिक्कत ‘वरीचे तांदूळ’ म्हणतो, त्यावर दाण्याची आमटी ओततो आणि भात खाल्ल्याच्या समाधानात उपवास पार पाडतो. आर्कान्सात वरीला अटक झाली असती.

“ती देवासाठी असते,” आई म्हणाली. “तुझा फ्लॉवर कशासाठी?”

“साखरेसाठी.”

“मग सोड की चहातली.”

यावर उत्तर नव्हतं. चहातली साखर हा आमच्या बोलण्यातला विषय नव्हता, निदान माझ्या बाजूने.

भाताला पर्याय शोधणारा मी पहिला नाही, याचा मला थोडा आधार वाटतो. 1950 ते 1952 या काळात कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री होते. देशात धान्याची टंचाई. तेव्हा त्यांच्या पत्नी लीलावती मुनशींच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं निघाली, तांदूळ-गव्हाला हात न लावता केलेले पदार्थ देणारी. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेने तर, ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं पीठ एकत्र करून तांदळाच्या आकाराचे दाणेही तयार केले होते. सरकारी तांदूळ, अक्षरशः. तो काही देशाच्या ताटात टिकला नाही. त्याच्या मुदीचं काय होत असे, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

आईने हे ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. तिला रेशनवरचा मिलो आठवला, अमेरिकेतून यायची ती लाल ज्वारी. “त्याची भाकरी थापताना तुटायची,” ती म्हणाली. “तुझ्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा भाकरीला शिवी दिली. पण खाल्ली आम्ही. रेशनला तांदूळ मिळेल त्या दिवशी चाळीत सगळ्या घरांतून एकच वास यायचा.” जरा थांबली. “तेव्हा नव्हता म्हणून दुसरं खाल्लं. आता डब्यात दहा किलो तांदूळ आहे आणि तू फ्लॉवर किसतोयस.”

मी तरीही चिकाटी सोडली नाही. आठवड्यातून चार रात्री फ्लॉवर. तंत्र सुधारलं. किसल्यावर कीस पाऊण तास पंख्याखाली पसरून ठेवायचा, म्हणजे पिळायचे कष्ट निम्मे होतात आणि पंचाही वाचतो. दांडा फेकायचा नाही. कोवळा भाग किसून त्यातच घालायचा, तो तुऱ्यापेक्षा खुटखुटीत राहतो. दाण्याचं कूट घातलं की उरलासुरला ओलावा ते धरतं. गोडा मसाला आणि तोंडली घालून मसालेभाताचा आव आणला तर तो बऱ्यापैकी जमतो, कारण मसालेभातात खाणाऱ्याचं लक्ष मसाल्याकडे असतं. दहीभात मात्र करू नये. दह्यात फ्लॉवर जे करतो त्याला नाव नाही. त्याचा उतारा चौकात ठेवला असता तर नजर लावणाऱ्यानेच माफी मागितली असती.

आणि मग, तिसऱ्या आठवड्यात, मूद उभी राहिली.

नीट, गोल, खळग्यासकट. वरण धरलं. लिंबू पिळलं तरी ढळली नाही. मी फोटो काढून मुलीला पाठवला. कार्यालयात डब्याच्या वेळी दोन सहकाऱ्यांना तंत्र समजावलं, पिळण्याचा दाब किती, कढईचं तापमान किती. एकाने वहीत लिहून घेतलं. दर वेळी मूद आदल्यापेक्षा देखणी पडू लागली. चवही बदलली. मागे कुठेतरी आंबेमोहोरासारखा मंद वास यायचा. हात बसला की फ्लॉवरलाही सुगंध येतो, असं मी बायकोला म्हणालो. तिने पापड भाजण्यात मन गुंतवलं.

पुढच्या रविवारी रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. आई माझ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याच्या फ्लॉवरमध्ये रात्रीचा भात कालवत होती. इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेलं हे वाण आंबेमोहोराच्या वंशातलं आहे, आणि त्याचा चिकटपणा आणि वास महाराष्ट्रात कुणाला सांगावा लागत नाही. मला मात्र तो इतके दिवस ओळखता आला नाही.

“किती घालतेस?”

“मूठभर.” मग माझ्याकडे बघून, “दोन मुठी. तुझी दरड कोसळायची ती बघवेना.”

“आणि तुला माहीत होतं?” मी सकाळी बायकोला विचारलं.

“मीच सुचवलं. म्हणून तर पापडात मन गुंतवलं होतं.”

सव्वीस वर्षांत या दोन राज्यांनी माझ्याविरुद्ध केलेली ही पहिली युती.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. 5.8. डॉक्टर खूष. “काय केलंत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्लॉवरचा भात. त्यांनी कृती मागितली, बाकीच्या रुग्णांना द्यायला. मी खरी दिली, दोन मुठी इंद्रायणीसकट. शिवाय चहातली साखरही मी मध्यंतरी सोडली होती, तेही सांगितलं. ते मात्र कृपया आईपर्यंत पोचवू नका.

तुम्हाला करून बघायचा असेल तर जरूर बघा. थंडीत करा, तेव्हा गड्डा घट्ट आणि स्वस्त मिळतो. मोठ्या भोकांची किसणी घ्या, झाकण लपवून ठेवा, मीठ शेवटी घाला, आणि मूद हवी असेल तर घरात कुणी वडीलधारं माणूस असू द्या. फक्त ते पिळलेलं पाणी जीवनसत्त्वांच्या मोहाने कढीत घालून उकळू नका. मी घातलं होतं. दहा मिनिटांत शेजारच्या काकू धावत आल्या, आमच्या सिलिंडरचा गॅस गळतोय म्हणून सांगायला.